दम खाण्याचा इतिहास



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या व्यायामवर्गाविषयी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी जरा बिचकलेच. वर्गात सर्वांत आधी धाप लागून भिंतीला टेकणारी बाई मीच! पण मग मनात आले की, व्यायामाची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. मध्येच थांबण्याची कथा कोणी सांगत नाही. तेव्हा ती मी सांगते.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहून रोज काही हालचाल करायला बजावले. म्हणून मी एका वर्गात नाव घातले. तेथे पाऊण तास अखंड उड्या. कोणी जरा थांबली की पुढून आवाज येई, "थांबायचे नाही!" तिसऱ्या दिवशी मी थांबले आणि चौथ्या दिवशी गेलेच नाही. घरी सांगितले, गुडघा दुखतो. खरे म्हणजे गुडघ्याला काहीच झाले नव्हते. चारचौघींत धाप लागली ह्याची लाज वाटली होती.

पुढे आपल्या मंडळाचा वर्ग सुरू झाला आणि शेजारच्या काकूंनी मला हाताला धरूनच नेले. येथली रीत निराळी. ताटली वाजली की एक मिनिट झपाट्याने, पुन्हा वाजली की दोन मिनिटे सावकाश. कधी लेझीम, कधी साधे चालणे, कधी फुगडी. एक सूनबाई म्हणाल्या, "ह्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात." आम्हा जुन्या बायकांना इंटरव्हल ठाऊक तो टॉकीजमधला, दिवे लागतात आणि शेंगदाणेवाला येतो तो! सगळ्या हसल्या. पण व्यायामाला विसाव्याचे नाव पडले तरी कसे, ह्याचा मी शोध घेऊ लागले, आणि शोधता शोधता माझ्या लाजेचाही इतिहास सापडला.

सन 1928 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची 800 मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीची लीना राडके 2 मिनिटे 16.8 सेकंदांत पहिली आली. जपानची किनुए हितोमी दुसरी. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली. जीव तोडून धावल्यावर काही जणी धापा टाकू लागल्या, हे ओघानेच आले. पण पुष्कळ वर्तमानपत्रांनी त्याचे भलतेच वर्णन छापले. बायका कोसळल्या, हे अंतर स्त्रीच्या देहाला झेपणारे नव्हे, असा गवगवा झाला. शर्यत रद्द झाली ती थेट 1960 च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. म्हणजे पुरुष धापला तर त्याने पराक्रम केला आणि बाई धापली तर ती दुबळी ठरली! एका दमाची किंमत बत्तीस वर्षे मोजावी लागली.

आता गंमत पाहा. त्याच 800 मीटरच्या अंतरावर पुढच्या दहा-अकरा वर्षांत निराळेच काही सिद्ध झाले. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर धावपटूंच्या नाडीचा अभ्यास करीत होते. त्यांची पद्धत अशी की, थोडे अंतर वेगाने धावून नाडी मिनिटाला 180 पर्यंत चढू द्यायची. मग ती 120 पर्यंत उतरेपर्यंत विसावा घ्यायचा आणि पुन्हा धावायचे. हृदय बळकट होते ते ह्या मधल्या विसाव्यातच, असे त्यांचे मत होते. गेर्शलरांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग ह्याने 1939 मध्ये मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. तो सोळा वर्षे टिकला. आजचे शास्त्र वेगाच्या भागालाही मोठे महत्त्व देते. पण मध्ये विसावा नसेल तर तो वेग पुन्हा पुन्हा गाठता येत नाही, हे उघड आहे.

हा हार्बिग 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही धावला होता. त्याच सोहळ्यात आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेली ही संस्था. एका तालावर अनेकांनी मिळून व्यायाम करण्याची गोडी वऱ्हाडाला आजची नाही, ती अशी जुनी आहे.

पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ही पद्धत जगभर गाजविली. चारशे मीटर वेगाने, मग थोडे हळू, पुन्हा चारशे, असा त्याचा सराव असे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 5,000 मीटर, 10,000 मीटर व मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके जिंकली. तेथेच आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, आणि तेथेच मुंबईची मेरी डिसूझा व बंगालची नीलिमा घोष ह्या भारताच्या मुली प्रथमच ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरल्या.

तुम्ही म्हणाल, ही मोठ्या खेळाडूंची गोष्ट; आम्हा संसारी बायकांचे काय? तर त्याचेही उत्तर आहे. जपानमधील मात्सुमोतो येथे हिरोशी नोसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांना पाच महिने चालायला लावले. तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश, असे निदान पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस. 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा ह्या मंडळींच्या मांड्यांतले बळ आणि दमसास अधिक वाढला. रक्तदाबही अधिक उतरला.

हे सारे वाचून मला आठवली ती आपली फुगडी. दोघींनी हात धरून गरगर फिरायचे, श्वास फुलला की सुटायचे, पदराने घाम टिपत कडेला बसायचे. तोवर दुसरी जोडी उभी राहते. मग पुन्हा आपली पाळी! मंगळागौरीच्या रात्री आपल्या आज्या-पणज्यांनी दुसरे काय केले? तुकोबांच्या गाथेतही फुगडी, टिपरी, हमामा, हुतूतू ह्या खेळांवर अभंग आहेत. म्हणजे ही परंपरा किती जुनी ते पाहा. शिवाय फुगडी खेळताना कडेला बसलेल्या बाईला कोणी कधी हसत नाही. बसलेली बाई गाणे म्हणते, टाळ्या वाजविते. तीही खेळातच असते.

आपल्या वर्गाने मला हेच शिकविले. पहिल्या महिन्यात मी तीन फेऱ्यांत भिंत गाठीत असे. आता आठ फेरे होतात. पैनगंगेच्या पुलापर्यंत सकाळी चालत जाऊन येते. मागच्या श्रावणात नातीबरोबर फुगडी घातली, तर आधी तीच थकली!

ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यावे. आपला वेग आपणच ठरवावा. बोलता येते पण गाता येत नाही, इतका दम लागला की मध्यम वेग झाला. दोन-चार शब्दांपलीकडे बोलणेच होईना, म्हणजे भरभर झाले असे समजावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर मात्र तेथेच थांबून सांगावे.

आपल्या आळीत अजून कितीतरी जणी 'आम्हाला झेपायचे नाही' म्हणून घरी बसल्या आहेत. त्यांना माझा निरोप द्या. म्हणावे, धाप लागेल, लागू द्या. भिंतीशी सतरंजी अंथरलेली असते, आणि माझ्या शेजारी जागा आहे. ताटली पुन्हा वाजली की दोघी मिळून उठू.