घाटाचा आराखडा आणि गांवाची संमति

सह्याद्रीच्या रक्षणासाठीं माधव गाडगीळ समितीनें ३१ ऑगस्ट २०११ रोजीं अहवाल सादर केला. साऱ्या घाटप्रदेशाचे तीन विभाग पाडावे, पण अंतिम सीमा ग्रामसभांच्या विचारानें ठरवाव्या, असें त्यांत होतें. सरकारनें मात्र तो मे २०१२ पर्यंत दप्तरांतच ठेविला! सरकारी जमीन खासगी होऊं देऊं नये, ही त्यांतील एक शिफारस. केरळांत इडुक्कीकडे जमिनीच्या पट्ट्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास ती बोचणारच. तिची चर्चा ग्रामसभेंत व्हावयाची, ती कानगोष्टींनीं झाली. पुढें कस्तुरीरंगन गटानें २०१३ सालीं उपग्रहचित्रांच्या आधारें सुमारें ३७ टक्के क्षेत्र निवडलें. केरळांतील १२३ गांवें त्यांत आलीं. नोव्हेंबरांत तेथें हरताळ पडला. गांवांस यादींत आपलें नांव तेवढें आढळलें होतें.