लोणारच्या दगडाची साक्ष

शिवडीचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. खडकाला भेग दिसली तर ती कोणी पाडली, असे मात्र आपण सहसा विचारीत नाही. महाराष्ट्राचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. निवताना ते आकसले आणि तडकले. नदीने अगर उल्केने हात लावण्यापूर्वीच हा दगड भेगाळलेला होता. घोटाळा होतो तो येथूनच.

पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भेगेत अडकलेले गोटे भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणे खडक झिजवितात. कडा गुळगुळीत, आतले गोटे वाटोळे! हे पाण्याचे सावकाशीचे काम.

आता बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहा. विवर सुमारे १८३० मीटर रुंद, जवळजवळ १५० मीटर खोल. आणि भोवतालची कडा आसपासच्या जमिनीहून सुमारे २० मीटर वर उचललेली. नदी खोदते ते वाहून नेते, चहूबाजूंनी काठावर रचून ठेवीत नाही. तेव्हा नदी सुटली. ज्वालामुखी मात्र सुटेना. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे लाव्हाच्या मुलखातले विवर ते ज्वालामुखीचेच, असे पुष्कळांना वाटले. (लवणासुराची कथा सांगणाऱ्यांनी निदान आघात तरी मानला होता.)

गिल्बर्ट हा अमेरिकेतला मोठा भूशास्त्रज्ञ. ॲरिझोनातल्या विवराखाली लोखंडी उल्का पुरलेली असेल म्हणून त्याने चुंबकसूचीने शोध घेतला. काही हाती लागले नाही. १८९६ साली त्याने ते वाफेच्या स्फोटाचे ठरविले आणि दाखला दिला तो लोणारचा! चुकीच्या साक्षीने दुसऱ्याचाही खटला बिघडला. एवढी उल्का आदळताच बहुतांशी उडून जाते, हे तेव्हा कळलेले नव्हते.

ॲरिझोनाच्या वाळूच्या खडकात प्रचंड दाबाखाली बनणारे कोएसाइट हे खनिज १९६० साली सापडले. लोणारचा निकाल १९७३ साली लागला. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी तळाशी पाडलेल्या बोअरमधले तुकडे तपासले. त्यांत फेल्डस्पारचे कण न वितळता, आपला आकार न सोडता काचेसारखे झालेले होते. काही तुकड्यांवर टोकापासून पसरत जाणाऱ्या रेघांचे शंकूही होते. निवताना पडलेल्या भेगेत अथवा पाण्याने कोरलेल्या दगडात असे काही आढळत नाही, आणि इतका दाब ज्वालामुखीलाही साधत नाही.

वयाचा वाद मात्र पुढे चालूच राहिला. १९७३ च्या त्या लेखात विवर ५० हजार वर्षांइतके तरुण असू शकेल असे म्हटले होते. २०११ साली आर्गॉन वायूच्या मोजणीने तोच आकडा ५ लाख ७० हजारांच्या घरात नेला.