डोळ्यातलं भिंग गावापर्यंत पोचलं कसं?

आमच्या लहानपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं लांबूनच ओळखू यायची. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा! तेव्हा डॉक्टर गढूळ झालेलं भिंग डोळ्यातून काढून टाकत, पण त्या जागी काहीच बसवत नसत. भिंगाचं सगळं काम चष्म्यावर. वस्तू जवळजवळ पाव पटीने मोठ्या दिसायच्या, बाजूचं धड दिसायचं नाही, उंबरा ओलांडताना अंदाज चुकायचा. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा.

खरं तर यावरचा उपाय १९४९ सालीच सापडला होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं आवरण पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचं असायचं. गोळ्या लागल्या की त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरोल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन बघणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी एका महिलेच्या डोळ्यात पर्स्पेक्सचं भिंग बसवलं.

भिंग डोळ्यात बसलं, पण नंबराचा हिशेब पार चुकला. बाईंना लांबचं दिसेना, मोठ्या मायनस नंबरचा चष्मा लागला. रिडलींनी काम दीड वर्षाहून जास्त काळ गुप्त ठेवलं. १९५१ मध्ये जाहीर केलं तेव्हा बड्या डॉक्टरांनी त्यांना झोडपून काढलं. डोळ्यात बाहेरची वस्तू मुद्दाम ठेवायची म्हणजे काय! मान्यता मिळायला कित्येक वर्षं गेली. ब्रिटनने त्यांना 'सर' केलं ते थेट २००० साली, वयाच्या ९३व्या वर्षी.

पण मंडळी, डॉक्टरांनी मान्य केलं म्हणजे ते गरिबापर्यंत पोचलं, असं होत नाही. १९८०च्या दशकातही परदेशी भिंगाची किंमत १०० डॉलरच्या आसपास होती. शेतमजुराच्या आईसाठी कोण आणणार ते? तिच्या नशिबी जाड चष्माच.

ही कोंडी फोडली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केलं होतं. १९९२ मध्ये त्यांच्या 'ऑरोलॅब'ने भिंगं इथेच बनवायला घेतली आणि किंमत १० डॉलरच्या आसपास आणली, पुढे त्याहूनही खाली. भिंग स्वस्त झालं म्हणून मोफत शिबिरांतही ते बसवणं परवडू लागलं.

म्हणून मला वाटतं, रिडलींइतकंच श्रेय किंमत पाडणाऱ्यांनाही द्यायला हवं. शोध लागला १९४९ला, आपल्याकडे स्वस्त भिंग बनलं १९९२ला. मधल्या ४३ वर्षांत किती म्हातारी माणसं चाचपडत गेली असतील!

आज अनेक जिल्हा रुग्णालयांत हे ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. तरीही घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या." हा सल्ला जाड चष्म्याच्या काळातला. आता फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. घरात कुणाला अंधुक दिसत असेल तर पिकायची वाट बघू नका, या आठवड्यातच डोळे तपासून आणा.