जैविक गतीचे संवेदन

जैविक गतीचे संवेदन म्हणजे माणसाच्या किंवा प्राण्याच्या केवळ हालचालीवरून तो सजीव आहे, तो कोणती क्रिया करीत आहे आणि काही वेळा तो कोण आहे, हे डोळ्यांनी ओळखण्याची क्षमता होय. पाहणाऱ्याला 'कोणीतरी चालत आहे' एवढेच जाणवते. त्या निष्कर्षापर्यंत नेणारे विश्लेषण त्याच्या जाणिवेत येत नाही. त्यामुळे इतरांच्या कृती समजून घेण्यात जाणिवेचा वाटा किती, या प्रश्नाच्या अभ्यासात या विषयाला महत्त्व आहे.

इतिहास

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकात काळा पोशाख घातलेल्या व्यक्तीच्या हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून चालण्या-धावण्याची छायाचित्रे घेतली होती. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली या विषयाला प्रायोगिक रूप दिले. त्यांनी खांदे, कोपर, मनगटे, कंबर, गुडघे व घोटे अशा सांध्यांवर प्रकाशबिंदू ठेवून अंधारात चित्रीकरण केले. चित्र स्थिर असताना प्रेक्षकांना विखुरलेले ठिपके दिसत. हालचाल सुरू होताच मात्र चालणारा माणूस दिसे. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा ओळखीसाठी सुमारे ०.२ सेकंदाचे दृश्य पुरेसे ठरले. ही पद्धत 'बिंदुप्रकाश पद्धत' म्हणून ओळखली जाते.

बिंदूंतून मिळणारी माहिती

जेम्स कटिंग व लिन कोझलोवस्की यांनी १९७७ साली दाखविले की चालणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, तसेच ती आपल्या परिचयाची कोण आहे, हे बिंदूंवरून निव्वळ अंदाजापेक्षा अधिक अचूकपणे सांगता येते. स्वेर्कर रुनेसन व गुनिल्ला फ्रिकहोल्म यांच्या प्रयोगांत प्रेक्षकांना उचललेल्या पेटीच्या वजनाचा अंदाज करता आला. उचलणाऱ्याने वजनाबाबत फसविण्याचा प्रयत्न केला, तरी ते सोंगही प्रेक्षकांच्या लक्षात आले.

तेच बिंदू डोके खाली व पाय वर असे उलटे दाखविल्यास ओळख बरीच कठीण होते. बिंदूंमधील अंतरे आणि त्यांचे परस्परसंबंध दोन्ही वेळा सारखेच असतात. यावरून ही प्रक्रिया केवळ भौमितिक जुळणीवर चालत नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

स्वतःच्या हालचालींशी संबंध

मॅगी शिफ्रार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींनी मित्रांच्या हालचालींपेक्षा स्वतःच्या हालचाली अधिक अचूक ओळखल्या. माणूस स्वतःला बाहेरून क्वचितच पाहतो, तर मित्रांना रोज पाहतो. त्यामुळे या निष्कर्षाचे कारण केवळ पाहण्याच्या सवयीत सापडत नाही. अंतोनिनो कासिले व मार्टिन गीझे यांनी २००६ मध्ये सहभागींना डोळे बांधून हातांची एक अनोळखी लय शिकविली. त्यानंतर तीच लय बिंदूंच्या रूपात ओळखण्याची त्यांची क्षमता वाढलेली आढळली. इतरांची कृती ओळखण्यात पाहणाऱ्याच्या शारीरिक अनुभवाचाही उपयोग होतो, या मताला यामुळे आधार मिळाला.

मेंदूतील आधार

मेंदूच्या प्रतिमांकनात जैविक गती पाहताना शंखखंडातील 'सुपीरियर टेम्पोरल सल्कस' या खाचेच्या मागील भागातील क्रिया वाढलेली दिसते. मेंदूच्या इजेमुळे गती पाहण्याची क्षमता जवळजवळ गमावलेली 'एल. एम.' या आद्याक्षरांनी परिचित असलेली रुग्ण स्त्री बिंदूंवरून माणसाच्या कृती मात्र ओळखू शकत होती. यावरून ही क्षमता सर्वसाधारण गतिसंवेदनापासून काही अंशी स्वतंत्र असावी, असे मानले जाते.

जन्मजात की अर्जित

नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या, पूर्वी काहीही न पाहिलेल्या कोंबडीच्या पिल्लांचा कल जैविक गतीकडे असतो, असे इटलीतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. २००८ साली दोन दिवसांच्या मानवी अर्भकांतही असाच कल आढळला. हा प्रारंभिक कल जन्मजात असला, तरी विशिष्ट व्यक्ती व कृती ओळखणे अनुभवाने विकसित होते.

जाणीव आणि अवधान

ही प्रक्रिया पूर्णपणे आपोआप घडते का, याविषयी मतभेद आहेत. इयान थॉर्नटन व क्वोक वूंग यांच्या २००४ मधील प्रयोगात, दुर्लक्ष करण्यास सांगितलेल्या बाजूच्या बिंदुआकृतींची दिशाही मधल्या आकृतीविषयीच्या उत्तरावर परिणाम करीत होती. याउलट, अनेक चालत्या आकृतींतून एक वेगळी आकृती शोधताना आकृतींची संख्या वाढेल तसा वेळही वाढतो, म्हणजेच तेथे अवधान आवश्यक असते. त्यामुळे एखाद्या आकृतीचे प्राथमिक संस्करण अवधानाशिवाय होऊ शकते, परंतु अनेक आकृतींमधून निवड करण्यासाठी ते लागते, अशी मांडणी केली जाते.

स्वमग्नतेविषयीचे संशोधन

२००९ मधील एका अभ्यासात स्वमग्नता असलेल्या दोन वर्षांच्या मुलांचे लक्ष जैविक गतीकडे इतर मुलांप्रमाणे वळत नसल्याचे आढळले. मोठ्या वयाच्या व्यक्तींवरील निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत फरक दिसतो, तर काहींत दिसत नाही. स्वमग्न व्यक्तींना इतरांच्या कृती समजतच नाहीत, असे विधान या संशोधनाच्या आधारे करता येत नाही.