डोंगराच्या पायथ्याशी एक सही

फान क्वान या चिनी चित्रकाराचे एक निसर्गचित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. साधारण हजार वर्षांपूर्वीचे, रेशमावर शाईने काढलेले, दोन मीटरहून थोडे अधिक उंच. त्याच्या नावात प्रवासी आहेत. चित्रात मात्र ते शोधावे लागतात. आधी दिसतो तो डोंगर. वरचा बहुतेक भाग त्यानेच अडवलाय. उजवीकडच्या कपारीतून धबधब्याची दोऱ्याएवढी पांढरी रेघ उतरते आणि खाली धुक्यात नाहीशी होते. झाडीत देवळाची छपरे. आणि अगदी तळाशी, पाठीवर ओझी घेतलेली खेचरे आणि ती हाकणारी दोन माणसे.

निसर्गापुढे माणूस केवढासा, असा या चित्राचा अर्थ हमखास सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. डोंगराने दबून गेलेला माणूस मान वर करून उभा राहिला असता. हे दोघे आपल्या कामात आहेत. माल पोचवायचा आहे, दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा आहे. सुंग घराण्याची सत्ता ९६० साली आली; त्याआधीची पन्नासएक वर्षे राज्ये उठत होती, पडत होती. अशा धामधुमीनंतर लादलेली खेचरे निर्धास्तपणे वाटेने चालली आहेत, हे त्या काळच्या प्रेक्षकाला काही लहानसहान वाटले नसेल. त्या परंपरेत मधल्या उंच शिखराला सम्राटही म्हणत. मग सम्राटाच्या चित्रात हमालांना जागा मिळाली, असेही म्हणता येईल!

आता एक गंमत ऐका. हे चित्र फान क्वानचेच, असे परंपरा सांगत होती. मिंग काळातला जाणकार तुंग छी-छांग यानेही तसे लिहून ठेवले होते. पण चित्रावर सही कुणाला दिसली नव्हती. राजवाड्यातला संग्रह जपानी आक्रमणाच्या भीतीने १९३३ मध्ये बीजिंगमधून हलवला गेला, युद्धात गावोगाव फिरला, यादवीच्या अखेरीस त्यातला काही भाग तैवानला पोचला. तिथे १९५८ मध्ये संग्रहालयातले अभ्यासक ली लिन-त्सान यांना झाडाच्या पानांत दोन अक्षरे दिसली : फान क्वान.

'क्वान' म्हणजे ऐसपैस, मोठ्या मनाचा. हे त्याचे लोकांनी ठेवलेले नाव. शायर मक्त्यात तखल्लुस गुंफतो, अभंगकर्ता शेवटच्या चरणात नाममुद्रा ठेवतो. पण ती ऐकू यावी म्हणून. याने ती पानांआड ठेवली. आणि कुठे? शिखरावर नाही, देवळापाशी नाही. खेचरांच्या मागे, उजव्या कडेच्या झाडीत.

खेचरे डावीकडे निघाली आहेत. मागच्या माणसाच्या पाठीशी ती दोन अक्षरे आहेत, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.