रिझर्व्हचा कॉक

जुनी स्कूटर चालवलेल्यांना रिझर्व्हचा कॉक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भर रस्त्यात गाडी आचके देऊ लागली की नजर समोर ठेवूनच माझा हात खाली जायचा, कॉक फिरायचा आणि गाडी पुन्हा धावू लागायची. तोच कॉक पाठीमागे, हात न पोचणाऱ्या जागी असता तर? प्रश्न किरकोळ वाटेल. पण घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांच्या इतिहासात त्याला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. तीच गोष्ट आज सांगतो.

बर्ट रुटान हे तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात काम करणारे विमान-अभियंते होते. त्यांचे ‘व्हेरी-ईझी’ हे दोन आसनी विमान १९७५ साली प्रथम उडाले. एकामागे एक दोन आसने, शेपटीकडे इंजिन आणि नाकाशी एक छोटा पंख. नेहमीच्या विमानाचे नाक फार वर गेले, वेग उतरला, की पंखांची पकड सुटते आणि विमान कोसळू लागते. इथे आधी पुढच्या छोट्या पंखाची पकड सुटते, नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंख शाबूत राहतो. नवशिक्याची चूक विमानानेच सावरून घ्यावी, अशी ही योजना होती.

बांधणीही तशीच सोपी. गणपतीच्या मखरासाठी तापलेल्या तारेने थर्माकोल कापलेला आपण पाहिला आहे. रुटान यांनी पंखासाठी फोम तसाच कापायला सांगितला. त्यावर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी चढवायचे. साचा नको, कारखाना नको. रिकामे विमान भरले जेमतेम २६० किलो! रुटान विमान विकत नसत, आराखडे विकत. त्यात कापड कसे भिजवायचे इथपासून पायरीपायरीने सूचना असत. आधी सरावाचे तुकडे करा, मग पंखाला हात लावा, अशी शिस्त होती.

१९७९ मध्ये त्याची मोठी बहीण, ‘लाँग-ईझी’ आली. बंगळूरच्या आपल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने याच रचनेवर बांधलेले विमान १९८७ मध्ये उडाले. पण त्याआधीच, १९८५ साली, रुटान यांनी आराखडे विकणे बंद केले होते. कोणी कुठे कसेही बांधले, तरी कोर्टात आपल्यालाच खेचले जाईल ही धास्ती त्यामागे होती.

ऑक्टोबर १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतलेले एक लाँग-ईझी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानात ते एकटेच होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. हेतू वाईट नव्हता. इंधन बसायच्या जागेत येऊ नये, एवढेच त्याला हवे होते. पण तिथे पोचायचे तर अंग मागे वळवावे लागे आणि वळताना आधारासाठी उजवा पाय नकळत पेडलवर दाबला जाई. चौकशीत हेच कारण पुढे आले. इंधन कमी होते, कॉकवर खुणाही नव्हत्या आणि या विमानाचा पुरेसा सराव झालेला नव्हता, हेही नोंदवले गेले.

मला वाटते, आराखडा म्हणजे केवळ पंखाचा आकार नव्हे. घाबरलेल्या माणसाचा हात कुठे जाईल, याचाही विचार त्यात असतो. मात्र तो रेघांमध्ये दिसत नाही. हौशी माणसाने बदल जरूर करावा, तो त्याचा आनंदच आहे. फक्त आधी विचारावे, की ही वस्तू इथे का ठेवली होती? कारण विमान उद्या दुसऱ्याच्या हाती जाते. आणि मागच्या आसनावर बसणाऱ्याने तर आराखडा कधी पाहिलेलाच नसतो.