जिभेच्या आकाराचे पान: ग्लॉसॉप्टेरिसची ओळख पटण्याचा इतिहास

१/ १२ नोव्हेंबर १९१२. अंटार्क्टिकावर शोधपथकाला बर्फात गाडला गेलेला एक तंबू सापडला. आत कॅप्टन रॉबर्ट स्कॉट, डॉ. एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स यांचे मृतदेह होते. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. थंडी आणि उपासमारीतही त्यांनी ते टाकून दिले नव्हते.

२/ दक्षिण ध्रुवावरून परतताना, ८ फेब्रुवारी १९१२ रोजी, बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याजवळ माउंट बकलीच्या कड्याखाली ते गोळा केले होते. त्यांत पानांचे ठसे होते. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्या पानाचे नाव जाहीर केले: ग्लॉसॉप्टेरिस इंडिका.

३/ अंटार्क्टिकावरील पानाच्या नावात भारत कसा आला? त्यासाठी १८२८ कडे वळावे लागते. त्या वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ अदोल्फ ब्राँन्यार यांनी भारत आणि ऑस्ट्रेलिया येथून आलेल्या जीवाश्म पानांना ‘ग्लॉसॉप्टेरिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ आणि ‘प्टेरिस’ म्हणजे नेचे.

४/ असे पान ओळखायचे कसे? रंग, खोड, फूल यांपैकी काहीच हाती नसते. असतो तो केवळ ठसा. लांबी-रुंदी पानागणिक बदलते, म्हणून भिंगाखाली शिरा पाहाव्या लागतात. ठळक मध्यशीर आणि तिच्यापासून कडेपर्यंत जाळे विणत गेलेल्या बाजूच्या शिरा, ही ग्लॉसॉप्टेरिसची खूण. जाळे आहे, पण ठळक मध्यशीर नाही, तर ते पान गंगामोप्टेरिसचे.

५/ या शोधात नागपूरचाही वाटा आहे. १८४५ मध्ये तेथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी परिसरातील खडकांतून असे ठसे जमवले. चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय याच हिस्लॉप यांच्या नावाचे.

६/ मध्य भारतातील या खडकमालिकेला एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी ते उचलले. दूरदूरच्या भूखंडांवर एकच वनस्पतिसृष्टी दिसते, तर तेथे पूर्वी सलग भूमी असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. तिला त्यांनी ‘गोंडवनभूमी’ म्हटले.

७/ मधली भूमी समुद्रात बुडाली, असे झ्यूस मानत. जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून वेगळे उत्तर मांडले: भूखंडच एकमेकांपासून सरकत दूर गेले. ग्लॉसॉप्टेरिसचा प्रसार हा त्यांच्या बाजूचा एक भक्कम पुरावा ठरला. विल्सन यांच्या दगडांनी अंटार्क्टिकालाही त्याच भूमीशी जोडले.

८/ एवढे सारे घडले, तरी पानाचा धनी कोण, हे ठाऊकच नव्हते. नाव नेच्याचे होते. पण नेच्याच्या पानांमागे दिसणारे बीजाणूंचे पुंजके या ठशांवर खात्रीने कोणाला दाखवता येत नव्हते.

९/ उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आले. १९५२ मध्ये एडना प्लमस्टेड यांनी ग्लॉसॉप्टेरिसच्या पानांना जोडलेल्या अवस्थेतच प्रजननाचे अवयव दाखवून दिले. वनस्पती बीजधारी होती, नेचे नव्हे. नामकरणानंतर १२४ वर्षे उलटली होती.

१०/ मुळांचीही कथा तशीच. मणक्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या एका जीवाश्माला ‘व्हर्टेब्रारिया’ असे स्वतंत्र नाव मिळाले होते. ती याच झाडांची मुळे निघाली. झाडाचे अवयव विखरून गाडले जातात, म्हणून पुराजीवशास्त्रात पान, मूळ आणि फळ यांना वेगवेगळी नावे पडतात.

११/ पानावरून खडकाचा काळ कळला, तुटलेली भूमी जुळली. मात्र झाडाचे कुळ कळायला फळ हाती यावे लागले. आधी दिलेले नाव नियमाप्रमाणे कायम राहते, म्हणून त्यातील ‘नेचे’ आजही तसेच आहे.

१२/ ही झाडे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, दलदलीच्या प्रदेशांत वाढली. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणारा वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा त्याच काळातील वनराईचा आहे.